ज्याला गिऱ्हाईक नाही, त्याचा भाव

तुमसरला आमच्या गल्लीत मला अजूनही ‘शेअरवाली बाई’ म्हणतात. मी उभ्या जन्मात एकही शेअर घेतला नाही, हे सांगून सांगून थकले आणि शेवटी सांगणंच सोडून दिलं. भाजीवाला दर आठवड्याला विचारतो, “ताई, मार्केट काय म्हणून राहिलं?” मी म्हणते, “वांगी महाग झाली.” एवढ्यावर आमचं समाधान होतं.

माझं काम वेगळं होतं. ज्या वस्तूला गिऱ्हाईक नाही तिचा भाव सांगायचा, हे मी तीसेक वर्षं केलं. ऐकायला वेडेपणा वाटेल, म्हणून नीट सांगते. एखाद्या शहराला पाण्याची नवी लाइन टाकायची असते आणि तिजोरीत खडखडाट असतो. मग शहर लोकांकडून कर्ज काढतं आणि बदल्यात कागद देतं, की दर सहा महिन्यांनी व्याज देऊ आणि दहा वर्षांनी मुद्दल. हा कागद म्हणजे रोखा. आमची कंपनी हजारो लहान माणसांचे पैसे एकत्र करून निरनिराळ्या शहरांचे असे रोखे घ्यायची, आणि त्या गाठोड्याला फंड म्हणायची. ज्याला पैसे परत हवेत त्यानं कधीही अर्ज टाकावा आणि त्या दिवशीच्या भावानं घेऊन जावं. म्हणून रोज संध्याकाळी कुणीतरी सांगावं लागायचं की हे गाठोडं आज विकायला काढलं तर किती येतील.

गोची अशी की शहरांचे रोखे कुणी विकायला काढतच नाही. महिनोन्‌महिने एक सौदा होत नाही. मग तशाच दुसऱ्या शहराकडे बघायचं, किती वर्षं उरलीत ते बघायचं, बाजारात नव्या रोख्यावर जास्त व्याज मिळत असेल तर आपला जुना रोखा तितका स्वस्त धरायचा. आणि शेवटी धास्ती मोजायची. हे शहर पैसे बुडवेल अशी धास्ती जितकी जास्त, तितका भाव कमी. बाहेरच्या संस्थाही भाव पाठवायच्या, पण त्या कागद बघून. जिथं ते पटत नसेल तिथं कारण लिहून वेगळा भाव मांडायचा, ते माझ्या टेबलाचं काम.

हे शिक्षण मला मुंबईत मिळालं असं माझ्या साहेबांना वाटायचं. खरं म्हणजे ते तुमसरच्या बाजारात मिळालं होतं. माझे बाबा एका अडत्याकडे धान पारखायला होते. पोत्यात टोकदार लोखंडी पन्हळ खुपसायची, आतलं मूठभर धान तळहातावर घ्यायचं, दोन्ही हातांनी चोळून फोल फुंकायचं आणि तांदूळ किती, कणी किती ते बघायचं. “पोत्याच्या तोंडाशी सारेच चांगलं धान ठेवतेत, बाई,” ते म्हणायचे. “मधातलं काढून पाहा लागते.”

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एक मोठा घोळ घातला होता. एका रोख्याचा अगदी लहानसा तुकडा कुण्या घाईतल्या माणसानं पडत्या भावात विकला. मी नवी आणि भलतीच हुशार, आमच्याकडच्या सगळ्या साठ्याला तोच भाव लावून मोकळी झाले. फंडाचा भाव घसरला, लोक घाबरले, आणि आठवडाभरात तोच रोखा पुन्हा जुन्या भावात गेला. साहेबांनी भरपूर झापलं. सुट्टीत घरी आल्यावर बाबांपुढे रडले तर ते हसायलाच लागले. “एकानं घाईत एक पोतं फुकून टाकलं, तर साऱ्या बजाराचा भाव तोच होते का?” त्यानंतर मी एकट्यादुकट्या सौद्यावर कधी विश्वास ठेवला नाही.

नोकरीची शेवटची काही वर्षं मी तुमसरच्या घरूनच काम केलं. घरून काम करायची पद्धत रूढ झाली आणि मुंबईत माझं असं कुणी नव्हतं. बाबांच्या खोलीत टेबल मांडलं, समोरच्या भिंतीवर त्यांचं जुनं घड्याळ, स्वयंपाकघरातूनही दिसणारं. खिडकीतून राइस मिलचा कोंडा उडून यायचा आणि कीबोर्डच्या फटीत बसायचा.

आता मेश्राम गुरुजींबद्दल सांगते, कारण हे सगळं त्यांच्यासाठीच लिहायला घेतलं आहे.

आम्ही मूळचे सिहोऱ्याचे. सातवीपर्यंत मी तिथल्याच शाळेत होते आणि मेश्राम गुरुजी आम्हाला गणित शिकवायचे. मी वर्गात तोंड उघडत नसे. फक्त फळ्यावर काही चुकलं की हात वर व्हायचा, “गुरुजी, चुकलं.” पुढे पुढे गुरुजींनी नेमच करून टाकला. गणित सोडवून झालं की ते वळून माझ्याकडे बघायचे. मी गप्प असले की म्हणायचे, “सुनंदा गप्प आहे, म्हंजे बरोबर आहे,” आणि फळा पुसायचे. सगळा वर्ग हसायचा. मला मात्र आयुष्यात तेवढा मान पुन्हा कुणी दिला नाही.

गुरुजी निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या पैशातला मोठा वाटा आमच्याच फंडात टाकला, मुलीच्या नावानं. मुलगी विशाखा. नवरा वारल्यावर सिहोऱ्याला परतली होती आणि ओसरीवर मशीन टाकून शिलाई करत होती. गुरुजींनी पैसे टाकण्याआधी मला फोन केला होता. “तू आहेस तेथी, म्हणून टाकून राहिलो,” म्हणाले. मी ‘टाका’ म्हटलं नाही, आमच्या धंद्यात ते म्हणायचं नसतं. ‘टाकू नका’ असंही म्हटलं नाही. तेव्हा फंड चांगलाच होता.

पुढे दोन वर्षांनी एका शहराच्या व्याजाची तारीख जवळ आली आणि मला तिकडे पाठवलं. शहराचं नाव सांगत नाही, आपल्या जिल्ह्यातलं नाही आणि आपल्या राज्यातलंही नाही. आमच्या फंडात त्या शहराचे रोखे बरेच होते, पाण्याच्या लाइनसाठी घेतलेले. लोकांनी भरलेली पाणीपट्टी एका वेगळ्या खात्यात जमा व्हायची आणि त्यातूनच आमचं व्याज द्यायचं, असा करार. कचेरीत माझं स्वागत जंगी झालं. चहा झाला, नवीन कारंजं दाखवलं, खात्याचा कागद दाखवला. खातं तुडुंब होतं.

मी आभार मानले आणि रिक्षा करून सरळ वस्तीत गेले. नळाजवळ एक बाई रिकामे हंडे ओळीनं मांडून बसली होती. पाणी कधी येतं विचारलं, तर म्हणाली चौथ्या दिवशी, कधी पाचव्या. नवीन मीटर तर चकाचक दिसत होतं. बिल भरता का, असं विचारल्यावर ती जोरात हसली. “पहले तो हवा आती है, बहनजी. मीटर हवा पे घूमता है. हवा का बिल कौन भरेगा?” अख्ख्या गल्लीत बिल भरणारं एक घर सापडलं नाही. दुसऱ्या वस्तीतही तीच कथा.

मग ते खातं भरलं कुणी? परत कचेरीत जाऊन मी एका दिवसाचा कागद बाजूला सारला आणि वर्षभराचा मागितला. बाबूसाहेबांचा चेहरा पडला, पण देणं भाग होतं. खातं महिनोन्‌महिने कोरडं. तपासणीच्या तारखेआधी दोन दिवस दुसऱ्याच कुठल्या कामाचे पैसे त्यात वळते व्हायचे, आणि तारीख उलटली की परत जायचे. पोत्याच्या तोंडाशी चांगलं धान ते हेच. गाडीत बसले तेव्हा बाबांची इतकी आठवण आली की शेजारच्या बाईनं विचारलं, कुणी गेलं का.

तुमसरला येऊन बुधवारी सकाळी मी टिपण पाठवलं: या शहराच्या रोख्याचा भाव शंभराचा सत्तर धरावा. साहेबांचा फोन आला. “टिपण पक्कं आहे. भाव ठरवणारी समिती उद्या चार वाजता बसेल. तोवर तोंडाला कुलूप.” मी म्हटलं, आजच बसा. तर दोन सदस्य प्रवासात होते. तोंडाला कुलूप हा आमच्याकडे कायदाच आहे. आतली गोष्ट बाहेर सांगणं हा गुन्हा, मग ती सख्ख्या आईला सांगितली तरी. मी तीस वर्षांत तो मोडला नव्हता, आणि त्याचा मला गर्वही होता. असू द्या.

त्याच दिवशी बारा वाजता दारात स्कुटी थांबली. विशाखा चालवत होती, मागे गुरुजी, हातात पिशवी.

“जयभीम, सुनंदा.”

“जयभीम, गुरुजी. या ना.”

पिशवीत नवा तांदूळ होता, माझ्यासाठी. विशाखाचा चेहरा खुलला होता. बसस्टँडजवळ एक दुकानाचा गाळा मिळत होता. मालकाला पैसे पंधरवड्यात हवे होते, आणि फंडातले सगळे काढले की नेमके पुरत होते, एक रुपया इकडेतिकडे नाही.

“तिथंसा माही मशीन, अन् आणखी दोन बाया,” विशाखा म्हणाली. “पाटीबी ठरवली. ‘विशाखा लेडीज टेलर’.”

“मी म्हणतो पंधरा दिवस आहेत,” गुरुजी म्हणाले. “तवापर्यंत राहू द्यावे, चार पैसे वाढतीन. हे म्हणते आजच काढू. मोबाइलवरच आहे, बटन दाबलं का झालं. म्हटलं, सुनंदाले इचारू.”

दुपारी तीनच्या आत अर्ज टाकला की त्या दिवशीचा भाव मिळतो. आज तीनच्या आत टाकला असता तर जुना, पूर्ण भाव मिळाला असता. उद्या टाकला तर कमी झालेला. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी म्हटलं, “आधी जेवा.” दुसरं काय सुचणार? घरात वरणभात होता, लाखोरीच्या डाळीचे वडे तळायला घेतले. वडे तळताना पाठ त्यांच्याकडे होती ते बरं झालं.  एक शब्द बोलले असते तरी पुरे होतं. नुसतं ‘काढा’. कुणाला कळणार होतं? तुमसरच्या स्वयंपाकघरात काय बोलणं झालं ते बघायला मुंबईहून कोण येणार?

जेवताना विशाखानं विचारलं, “ताई, आमी काढून घेतले, तं कोणाचं काई जाते का?”

मी शांतपणे सांगितलं, जसं नव्या पोरांना शिकवताना सांगायची, “भाव बरोबर असला तर कुणाचं काही जात नाही. पण भाव खोटा चढा असला, आणि एखादा आधी उठून गेला, तर तो मागे बसलेल्यांच्या ताटातलं उचलून नेतो. फंड म्हणजे एक पंगतच. म्हणून भाव खरा लागतो.”

हे मी का बोलले, ते मला अजून नीट कळलेलं नाही. त्यांना सांगायचं होतं की स्वतःलाच बजावायचं होतं? विशाखानं मान हलवली आणि वडा मोडला.

दोन वाजले. अडीच वाजले. गुरुजी आरामात सुपारी कातरत होते. शाळेच्या गोष्टी निघाल्या. मी ‘हो, हो’ म्हणत होते आणि एक अक्षर ऐकत नव्हते. मोबाइल विशाखाच्या मांडीवर होता, स्क्रीन उजळायची आणि विझायची. पावणेतीनला गुरुजी उठले, टोपी घातली आणि अगदी तसेच वळून माझ्याकडे बघितलं, फळ्यापासून वळायचे तसे.

“मंग? राहू द्यावे पंधरा दिवस?”

मी काही बोलले नाही.

गुरुजी हसले. “चाल, विशाखा. सुनंदा गप्प आहे, म्हंजे बरोबर आहे.”

ते स्कुटीवर बसून गेले. मी दारात उभी होते. आत आले तेव्हा तीनला पाच कमी होते. मी खुर्चीत बसले आणि तीनचे टोले पडेपर्यंत घड्याळाकडे बघत राहिले. मग रडले. खूप रडले.

दुसऱ्या दिवशी समितीनं माझा भाव जसाच्या तसा उचलला. फंडाचा भाव एका संध्याकाळीत शंभराचा चौऱ्याण्णव झाला. आकडा लहान दिसतो. गाळ्याला तेवढेच कमी पडले. मी सिहोऱ्याला फोन करून म्हटलं, वरचे मी घालते. गुरुजी म्हणाले, “तू कायले घालशीन? तुयी काय चूक?”  ती तेव्हा सांगण्यासारखी नव्हती. गुरुजींनी घाबरून सगळे पैसे त्या भावात काढून घेतले आणि बँकेत टाकले. गाळा एका मोबाइलवाल्यानं घेतला.

पुढे त्या शहराचं प्रकरण वर्षभर गाजलं, राज्य सरकारनं हात दिला, आणि उशिरा का होईना, व्याज आणि मुद्दल पैन्‌पै मिळालं. जे आधी गेले त्यांना पूर्ण मिळालं, जे शेवटपर्यंत थांबले त्यांनाही. मधल्यामध्ये भरडले गेले ते गुरुजींसारखे. माझा भाव चुकला होता का, असं मला पुष्कळांनी विचारलं. नाही चुकला. त्या गुरुवारी त्या रोख्याचा भाव सत्तरच होता, आजही मी तोच लिहीन. एवढं असूनही बसस्टँडवर त्या मोबाइलच्या दुकानासमोरून जाताना मी रस्ता बदलते.

निवृत्त झाले आणि तोंडाचं कुलूप निघालं. गेल्या हिवाळ्यात, धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, आटोपल्यावर, मी सिहोऱ्याला गेले. ओसरीवर विशाखा मशीनवर बसली होती, गुरुजी उन्हात खाटेवर. मी उभ्यानंच सांगून टाकलं. त्या दिवशी मला सगळं माहीत होतं, सांगता येत नव्हतं, म्हणून गप्प होते. बरोबर होतं म्हणून नाही.

गुरुजी खाटेवर उठून बसले. मग म्हणाले, “मायाच नेम चुकला. तुले गणित इचारा लागते. पैसे नाई.” आणि थोड्या वेळानं, “इतके वर्सं हे पोटात घेऊन फिरून राहिली होतीस? काहून गं?” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग काठी टेकत चहाचं सांगायला आत गेले. आत सांगायला कुणीच नव्हतं. चहा तेच करणार होते.

मशीन थांबली होती.

“ताई, मले माहीत होतं,” विशाखा म्हणाली.

“काय माहीत होतं?”

“तुमी घडीकडं पाहून राहिल्या होत्या. वडे वाढता वाढता. मोबाइलवर तीनची येळ लिहूनच असते. त्याच दिवशी तीन वाजाच्या आंत काढाचे होते, ते मले तेथीच समजलं. बाबाले नाई समजलं. स्कुटी मी मिलच्या कोपऱ्यावर थांबवलीबी होती. बाबाले म्हटलं, पेट्रोल पाहतो. मोबाइल हातात होता. पाच मिनिटं होते अजून.”

मी विचारलं, “मग काढले का नाहीस गं?”

“तुमीच तं जेवताना सांगतलं. पयला उठणारा मागच्याच्या ताटातलं नेते म्हणून.” तिनं सुईत दोरा ओवायला घेतला. “मागं कोण बसलं होतं, मले काय माहीत? असंन माह्यासारखीच कोणी.”

तीस वर्षं मी हे वाक्य नव्या पोरांना शिकवलं. त्यातल्या कितींनी ते मनावर घेतलं, देव जाणे.  मी विचारलं, “राग नाही आला?”

“आला ना! तीन दिवस रडली मी. आताबी आहे राग. बाबाले सांगजा नका, पण आहे.” दोरा ओवला गेला, तिनं टोक दातानं तोडलं. “तुमी ब्लाउज कोठी शिवता?”

“नागपूरला.”

“माह्याकडं आणजा. डबल शिलाई घेईन.”

पुढच्या सोमवारी मी सहा ब्लाउजपीस घेऊन गेले. तिनं खरंच दुप्पट घेतली.